टर्बो गाडी घरी सर्व्हिस करायची सोय कंपन्यांनी मुद्दाम काढून घेतली. पटतं का?

बॉनेट_उघडा (होटगी रोड)

विषय सरळ मांडतो. स्पोर्ट्स कार असो नाहीतर पोलो जीटी, आय२० एन लाइन यांच्यासारखी जोरकस टर्बो गाडी, मालकाने पाना हातात घ्यावा अशी आता कंपन्यांचीच इच्छा नाही. तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणून हे झालं, हे कारण मला अर्धंच पटतं.

जुन्या पद्मिनी गाडीला फीलर गेज (फट मोजायची पत्ती), एक प्लग पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरायचा. सीबी पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवला, चार प्लग घासले, की ट्युनिंग झालं. आता पोर्शची बॉक्सस्टर बघा. १९९६ साली आली तेव्हापासून तिचं इंजिन सीटच्या मागे गाडलेलं आहे. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी मिळतात. इंजिन वरून बघायचं तर छप्पर अर्धवट उघडून सीटमागचं कार्पेट आणि झाकण काढा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांतून डिपस्टिकच (ऑइल मोजायची काडी) गायब, ऑइल किती आहे ते स्क्रीन सांगणार. त्यांच्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवली की तिची नोंद कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. नाही केली तर चार्जिंग जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं आणि नवी बॅटरी लवकर निकामी होते.

बॅटरी बदलायला परवानगी कशाला लागावी?

गोटीपाना

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. बॉक्सस्टरचं इंजिन मध्ये आहे ते वजन दोन्ही ॲक्सलवर नीट वाटलं जावं म्हणून, मालकाला छळायला नाही. आणि पद्मिनीचे पॉइंट दर काही हजार किलोमीटरला बघावे लागायचे, हे कसं विसरता? आता एकेक प्लग ४०-६० हजार चालतो. काम अवघड झालं हे खरं, पण ते कमीही झालं.

टर्बो गाडीचं ऑइल बदलणं आजही घरी होतं. इंजिन कोमट असताना गाडी रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा. खालचं प्लॅस्टिक पॅनेल टॉर्क्स स्क्रूने लावलेलं असतं, टी२५ आणि टी३० बिट जवळ हवेत. स्क्रू साध्या पेचकसाने काढायला गेलात तर डोकं घासून गोल होतं, आणि "नव्या गाड्या वाईट" अशी ओरड तिथूनच सुरू होते. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) नटचा वायसर दर वेळी नवा. टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा) नसेल तर आधी तो घ्या, कारण ॲल्युमिनियमच्या चेंबरची चूडी (आटे) एकदा गेली की ऑइलच्या दहापट खर्च. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच नव्या २.० टीएसआय इंजिनांत चेंबरच प्लॅस्टिकचं आणि बूचही प्लॅस्टिकचं असतं. ते पाव फेरा फिरवून निघतं आणि दर सर्व्हिसला नवंच लावायचं. ते स्वस्त असतं, पण आधी मागवून ठेवा, नाहीतर गाडी रॅम्पवर आणि तुम्ही दुकानांत.

एमआयडीसी_रॅम्प

ऑइल, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, प्लग: घरी करा, कोण अडवतंय? (आपल्याकडची धूळ बघता एअर फिल्टर तर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदला.) पण त्यापुढे हात घालणाऱ्यांना मी अडवणारच.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात) पेट्रोल दीडशे-दोनशे बारने, नव्या इंजिनांत त्याहूनही जास्त दाबाने येतं. टायरमध्ये सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा. गाडी बंद केली तरी लाइनमध्ये दाब राहतो. नट सैल केला आणि फवारा डोळ्यात किंवा गरम टर्बोवर गेला तर पुढचं सांगायला नको.

इंजेक्टर काढला की त्याच्या टोकाची टेफ्लॉन सील नवी लागते. ती ताणून बसवायची आणि मग साच्याच्या नळीने दाबून मूळ मापावर आणायची. ही पायरी गाळली तर इंजेक्टर भोकात जाताना सील कापली जाते आणि कंप्रेशन तिथून गळतं. इंजिन मिसिंग करतं, माणूस कॉइल बदलत बसतो.

शिवाय या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काळा थर बसतो. टाकीत ओतायच्या क्लीनरचा तिथे काडीचा उपयोग नाही. इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेने मारावा लागतो, तोही त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत याची खात्री करून. एक जरी उघडा राहिला तर भुगा थेट सिलिंडरमध्ये.

बॉनेट_उघडा (होटगी रोड)

रॅम्पभाऊ, तुम्ही अवघड कामं मोजताय, मी कुलपं मोजतोय. इंजेक्टर काढू नका म्हणालात, मान्य. मागचे ब्रेक पॅड तरी बदलू द्याल? इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असला की स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये मोटर मागे घ्यावी लागते. सी-क्लॅम्पने पिस्टन दाबला तर आतला स्क्रू किंवा मोटरचं गिअर तुटतं. काही गाड्यांत स्विच आणि पेडलच्या ठरावीक क्रमाने हा मोड येतो, म्हणजे स्कॅनरशिवाय ते शक्य आहे! मग सगळ्याच का देत नाहीत?

फोक्सवॅगनच्या आठव्या पिढीच्या गोल्फपासून तर एसएफडी नावाचं सॉफ्टवेअरचं कुलूप आलंय. काही कंट्रोल युनिटमध्ये बदल करायचा तर कंपनीच्या सर्व्हरवरून टोकन आणा. आणि हे मी एकटा म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हाच ठपका होता.

गोटीपाना

आयोगाचा मुद्दा बिनतोड, तिथे मी तुमच्या बाजूने. एसएफडीबद्दल मात्र अर्धंच सांगितलंत. फॉल्ट कोड वाचायला आणि पुसायला टोकन लागत नाही, कोडिंग आणि ॲडाप्टेशनला (युनिटच्या सेटिंग बदलायला) लागतं. रोजच्या सर्व्हिसला ते किती वेळा करता?

खरी गंमत पुढे आहे. लोक स्वस्तातला ईएलएम३२७ डोंगल (फॉल्ट कोड वाचायचं छोटं यंत्र) घेतात आणि "गाडी काही दाखवत नाही" म्हणतात. तो इंजिनचे ठरावीक कोड वाचतो, गिअरबॉक्स आणि एबीएसशी बहुतेक वेळा बोलतच नाही. ब्रेक ऑइल बदलताना एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली तर स्कॅनरने पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही, पेडल स्पंजसारखंच राहतं. म्हणून ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ द्यायचीच नाही. निम्म्यावर आली की भरा.

जुळे_सोलापूर_टर्बो

तुम्ही तिघेही पुण्या-मुंबईच्या हवेत बसून बोलल्यागत बोलताय. आपल्या सोलापूरच्या उन्हाचं गणित कुणीच मांडलं नाही.

स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घ्या. तिच्यात सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२५०. दर ६० हजारला तेल आणि फिल्टर. हे घरी करता येतं, पण लेव्हल बघायला काडी नाही. खालच्या बुचाच्या आत एक प्लॅस्टिकची नळी असते. ८ मिमी ॲलन कीने ती काढली की उरलेलं तेल उतरतं. नळी परत हलक्या हाताने बसवायची, आवळली की फुटते. मग साधारण ५.२ लिटर नवं तेल भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळ्या पोझिशनमधून लिव्हर हळूहळू फिरवा आणि परत 'पी'त आणा. इंजिन चालू ठेवूनच, तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना खालचं बूच उघडायचं. जास्तीचं तेल नळीवरून वाहून जातं, धार तुटून थेंब पडायला लागले की बूच बंद.

आता मे महिन्यात दुपारी अंगणातच ४२-४३ अंश असतात. तेल सुरुवातीलाच तेवढं गरम, इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांत ४५ च्या पार. गरम तेल फुगलेलं असतं, म्हणून जास्त वाहून जातं आणि थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. मग क्लच गचके देतो आणि दोष मेकाट्रॉनिकला (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला)! त्यामुळे उन्हाळ्यात हे काम पहाटेच. तेलाचं तापमान व्हीसीडीएससारख्या स्कॅनिंग साधनावर बघा, हात लावून अंदाज नको.

तेलाची_बाटली

एक पुरवणी. "आपल्याकडे ऊन जास्त" म्हणून टर्बोत २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल ओतणारे अजून आहेत. ते बंद करा. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जोर मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याने पिस्टनच्या रिंगमधली भिंत तुटते. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) या संस्थेचा ऑइलचा एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, त्यात याची चाचणी आहे. मॅन्युअलमधला ग्रेड आणि कंपनीचा मंजुरी क्रमांक, दोन्ही डब्यावर छापलेले बघूनच घ्या. आणि कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको. क्षार बसतात. डिस्टिल्डच.

एमआयडीसी_रॅम्प

जुळे सोलापूर, पद्धत बरोबर लिहिलीत, पण गाडी सपाट पाहिजे हे राहिलं. नुसता पुढचा भाग रॅम्पवर चढवून डीएसजीची लेव्हल बघितली तर ती चुकणारच. चारही बाजूंना घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) लावाव्या लागतात, आणि चालू इंजिनाखाली झोपायचंय. अंगणात शहाबादी फरशी असेल तर घोडीखाली जाड फळी टाका, नाहीतर फरशी तडकते आणि घोडी कलते. किती जणांकडे चार घोड्या आहेत?

बॉनेट_उघडा (होटगी रोड)

चार घोड्या विकत मिळतात, रॅम्पभाऊ. टोकन मिळत नाही.

एमआयडीसी_रॅम्प

मग आधी घोड्या आणा. टोकनाचं भांडण त्यानंतर करू.