बेळगावात बाहेर जेवताना: तुमचे अनुभव सांगा

लेक पुढच्या आठवड्यात शिकायला बेळगावला चाललीय, नेहरूनगरच्या होस्टेलवर. मी शहापुरात वाढले, पण लग्न होऊन पुण्याला आल्याला 22 वर्षं झाली. ती रोज विचारते, "आई, मेस नाही आवडली तर जेवू कुठे?" आणि मला आठवतात ती दुकानं अजून आहेत की नाहीत, हेही मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. नुसतं ‘मस्त आहे, नक्की जा’ नको. किती वाजता गेलात, ताटात काय होतं, बरोबर कोण होतं, तेवढं लिहा.

माझ्यापासून सुरू करते. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा मला खडेबाजारातल्या एका उडुपी हॉटेलात घेऊन गेले. बाबा मागावर बसणारे. हॉटेलात जाणं आमच्याकडे सणासारखं होतं. एक मसाला डोसा आणि ‘बाय टू’ कॉफी, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. बाबांनी डोसा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः कॉफीच पीत बसले. "ऊटा आतेन्री?" असं वाढप्याने विचारलं, तर बाबा म्हणाले, "आतु, आतु." जेवण झालंय म्हणाले, आणि झालं नव्हतं. मला तेव्हा कळलं होतं, तरी डोसा मी एकटीनेच संपवला. आजही डोसा पुढे आला की मी आधी अर्धा तोडून बाजूला ठेवते.

चिकोडीची लेक

अक्का, तुमच्या लेकीला आधी खानावळ दाखवा, बाकीचं ती आपोआप शोधेल. लिंगायत खानावळ म्हणतेय मी. कांदा-लसूण चालतो, पण पूर्ण शाकाहारी.

गेल्या वर्षी आई 11 दिवस इस्पितळात होती. दादा रात्री थांबायचा, मी दिवसा. पहिले दोन दिवस बिस्किटं आणि चहावर काढले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजीच्या सुनेने हाताला धरून खानावळीत नेलं. साधी जागा, सहा टेबलं, भिंतीवर बसवण्णांचा फोटो. ताटात ज्वारीची गरम भाकरी, एणगाई (भरलं वांगं, पण आपल्याहून तेल जास्त आणि तिळाचं कूट), मटकीची उसळ, शेंगाचटणी, जवसाची चटणी आणि तिच्यावर दही. बाजूला कच्चा कांदा आणि मेथीची कोवळी पानं, तशीच, न शिजवता. मग भात, सार, ताक. 80 रुपये घेतले. भाकरी कितीही. "रोट्टी बेकेन्री?" म्हणत मावशी येतच राहायच्या. मी ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हणायला शिकले ते तिथेच.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, कोण आजारी आहे. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी स्टीलचा डबा हातात दिला, मऊ भात आणि पातळ ताक, मीठ बेताचं. आईने ऑपरेशननंतर पोटभर खाल्लेला पहिला घास तो. डब्याचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी आईला रिक्षातून तिथे नेलं, ती दारातूनच हात जोडून परत आली.

एक सांगते. कडक भाकरी आणि गरम भाकरी, दोन्ही असतात. कडक भाकरी पापडासारखी, महिनाभर टिकते. होस्टेलच्या खोलीत दहा-बारा विकत घेऊन ठेवायला सांगा, शेंगाचटणी आणि दही मिळालं की रात्रीचं भागतं.

वडगावचा विणकर

नागपूरचं सावजी निराळं आणि आपलं सावजी निराळं. आपल्याकडे सावजी म्हणजे सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाज, एसएसके म्हणतात ते, हुबळी-गदगपासून बेळगावपर्यंत पसरलेले. त्यांच्या खानावळीत मटणच खायचं. सुकं, खिमा, आणि तवंग आलेला लाल रस्सा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 17 वर्षांचा होतो, पहिला पगार खिशात. रस्सा वरपला आणि कानातून धूर निघाला. शेजारचे काका म्हणाले, "पाणी पिऊ नकोस बा, चपाती खा." त्यांनी आपल्या ताटातली चपाती माझ्याकडे टाकली.

रविवारी दुपारी एकच्या आत जा. दोननंतर रस्सा राहतो, तुकडे संपलेले असतात.

टिळकवाडीची सून

वडगावच्या दादांचं खरं आहे, पण मुलीला एकटीला सावजी खानावळीत अवघडल्यासारखं होईल. काही ठिकाणी फॅमिलीची वेगळी खोली असते, तशी बघून मैत्रिणींबरोबर जावं. माझी सासू 61 वर्षांची होईपर्यंत एकदाही गेली नव्हती. सासरे पार्सल आणायचे. आम्ही तिला वाढदिवसाला नेलं. ती गरम चपाती हातात घेऊन म्हणाली, "पार्सलमध्ये ही अशी कधी आलीच नाही गं." 40 वर्षं ती थंड खात होती. आता दर दोन महिन्यांनी नेतो.

हिंदवाडीतला विद्यार्थी

बिर्याणीसाठी नियाज हॉटेल. बेळगावात कुणालाही विचारा, हेच नाव सांगतील. आम्ही चौघं दोन बिर्याण्यांत भागवतो. कॅम्पातल्या बेकऱ्यांत संध्याकाळी गरम पाव मिळतो, तोही चुकवू नये.

खानापूरहून

मी गोव्याच्या वाटेवर गाडी चालवतो. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, असा रोजचा रस्ता. बेळगावला समुद्र नाही, पण मासे गोवा-कारवारकडून येतात आणि ते ताजे मिळतात, जर वार बघितला तर. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ, त्यामुळे त्या दिवशी माल कमी उठतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी ताटात येतो. म्हणून मासे बुधवारी खावेत. हे मला अनुभवाने कळलं. एका मंगळवारी हायवेवरच्या हॉटेलात बांगडा घेतला, वासावरून कळलं, परत केला, तर वाद घातला त्यांनी. पैसे देऊन उपाशी निघालो आणि त्या रात्री घाटात धुकं होतं. उपाशीपोटी घाट चढताना हात थरथरतात. तेव्हापासून मी आधी कच्चा मासा दाखवा म्हणतो. दाखवत नाहीत तिथे मी डाळ-भात खातो.

जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटीला थांबाच. पाऊस असा पडतो की समोरची गाडी दिसत नाही, आणि पत्र्याखाली कांदाभजी तळत असतात. तिथे मी जितकी माणसं ओळखीची केली तितकी गावात नाही केली.

निपाणीकर

आमच्याकडचं ताट कोल्हापूरच्या बाजूने झुकतं. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिरची, असं माझ्या आत्याचं ठाम मत, आणि तिची स्वतःची खानावळ 30 वर्षं चालली. तंबाखूच्या वखारीतल्या बायका दुपारी तिच्याकडे यायच्या. भाकरी घरून आणायच्या, फक्त रस्सा विकत घ्यायच्या. आत्या रश्श्याबरोबर चार फोडी जास्त टाकायची. हिशेब तिने कधी लिहिला नाही.

शहापूरच्या काकू

गोडाचं कुणीच लिहीना, म्हणून मी लिहिते. कुंदा. दूध आटवत आटवत त्यात साखर आणि खवा, तपकिरी आणि रवाळ होईपर्यंत. तो गरम खायचा, त्याच दिवशी. फ्रिजमधला कुंदा दगड होतो, आणि मग लोक म्हणतात त्यात काय विशेष. पावकिलो घ्या, दुकानातच चमचा मागा.

मांडे मात्र घरी न्या. पालथ्या खापरावर भाजलेले, आत पिठीसाखर, खसखस, वेलची. करणाऱ्या बायकांचे हात बघितलेत का कधी? कोपरापर्यंत पीठ ताणतात, कागदाहून पातळ. माझ्या लग्नात रुखवतावर 51 मांडे होते आणि ते करणारी बाई जेवायला थांबली नाही, पुढच्या लग्नाला जायचं म्हणून. तिला मी ताट बांधून दिलं. मांडा दुधात कुस्करून खायचा, वर तूप.

गोकाकला गेलात तर करदंट आणा. डिंक, गूळ, सुका मेवा. परीक्षेच्या दिवसांत लेकीजवळ डबाभर असू द्या.

चिकोडीची लेक

परत लिहितेय, कारण काहीजणांनी त्या खानावळीचा पत्ता विचारला. पाटी फक्त कन्नडमध्ये आहे, नाव मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आता येतं. पण अक्का, तुमच्या लेकीला एकच शब्द कन्नड अक्षरांत लिहून द्या, ‘खानावळि’. शब्द आपलाच आहे, फक्त लिपी निराळी. तेवढा ओळखता आला की चिकोडी, गोकाक, बैलहोंगल, कुठेही ती उपाशी राहायची नाही.

धागा काढणारी

आत्ता तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तो शब्द काढून दिला, फोनवर बघत बघत. तीन वेळा गिरवला तिने. शुक्रवारी सकाळी पोहोचतो आम्ही. काकू, कुंदा गरम किती वाजता मिळतो?