मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सची (स्थानिक काउन्सिल घेते त्या घरपट्टीसारख्या कराची) सूट मागील तारखेपासून कुणी मिळवली आहे का?

नमस्कार. घरात मी आणि आई दोघीच. आईला डिमेन्शिया आहे, जीपींचं (फॅमिली डॉक्टरांचं) तसं सर्टिफिकेट आहे आणि अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे देखभालीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ताही चालू आहे. अशा व्यक्तीला काउन्सिल टॅक्ससाठी मोजत नाहीत, म्हणजे हिशेबात मी एकटीच उरते आणि बिलात 25 टक्के सूट बसते.

काउन्सिलने सूट दिली, पण अर्जाच्या तारखेपासून. निदान आणि भत्ता दोन्ही त्याच्या बरेच आधीचे. मागच्या बिलांबद्दल पत्रात एकच ओळ, ‘आधीच्या कालावधीसाठी लागू नाही’. कुठला नियम, ते लिहिलेलंच नाही. हे मला अजिबात पटत नाही. पैसे आईच्या देखभालीचे आहेत.

आधी काउन्सिललाच लेखी कळवायचं, दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (अशा कराच्या वादांचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) जायचं, एवढं माहीत आहे. तिथे फी नाही. तोवर चालू बिल भरतेच आहे.

अपिलाला जीपींचं सर्टिफिकेट पुरतं, की मेमरी क्लिनिकचं पत्रही जोडावं? सुनावणीला आईला न्यावं लागतं का? अनोळखी जागेत ती फार घाबरते. कुणाकडे अशा पत्राचा नमुना असेल तर कृपया पाठवा.