मिशनरी जोडप्याचा दिवस

परदेशी मिशनरी म्हणजे नुसती प्रवचनं, हे मत बरेचदा ऐकू येतं, पण मला ते पटत नाही. आमच्या इंदूरचंच बघा. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनच्या जॉन विल्कींनी १८८७ मध्ये इथे ख्रिश्चन कॉलेज काढलं. अशा मिशनमध्ये काम करणाऱ्या नवरा-बायकोंचा बराचसा दिवस भाषा शिकण्यात, शाळा-दवाखान्याच्या हिशेबात, मायदेशी अहवाल धाडण्यात जाई. त्यात माळव्याचा उन्हाळा! बायका शिकवत, आजारी माणसं बघत, घरही सांभाळत, पण पगार बहुधा नवऱ्यालाच. अनेकांनी मुलांना मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत ठेवलं, म्हणजे महिनोन्महिने ताटातूट. धर्मप्रचार पटो न पटो, त्या आयांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. रतलामला काम केलेल्या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टर रॉबर्ट मॅक्लूर यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं; त्यांच्या पत्नी एमींविषयी कोणीतरी सविस्तर लिहा ना.