वेचणीच्या दिवसांत लेकरू कुणाजवळ? पैसे खात्यात की पाळणाघर गावात?

तापीकाठ

कापसाची वेचणी लागली की चोपडा, एरंडोल, शिरपूर, शिंदखेडा, कुठल्याही तालुक्यात जा. सकाळी आठच्या आत बायांची टोळी पिकअपमध्ये बसून निघते आणि दिवेलागणीला परत येते. अंगणवाडी दुपारीच सुटते. त्यानंतर चार वर्षांचं पोर गल्लीत असतं. दीड वर्षाचं बांधावरच्या झोळीत, नाही तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

गेल्या काही वर्षांत सरकारनं गरीब घरातल्या बाईसाठी जे केलं ते बहुतेक पैशाच्या रूपात केलं. पहिल्या बाळंतपणाला पंतप्रधान मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. लेक लाडकीमध्ये १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १,०१,००० रुपये. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० रुपये. यातल्या एकाही रुपयाला माझा विरोध नाही. पण त्या पैशातून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लेकराला सांभाळणारं माणूस मिळत नाही, कारण गावात ती सोयच नाही.

कायदे पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. २०१७ च्या मातृत्व लाभाच्या दुरुस्तीत पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते लागू केलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची अशी तरतूद केली. आज या शेतात आणि उद्या त्या शेतात वेचणाऱ्या बाईचा मालक कोण धरायचा? ती कुठेच बसत नाही, आणि खान्देशात कष्टकरी बाया सगळ्यात जास्त अशाच मजुरीवर आहेत.

म्हणून माझी मागणी एकच आहे. ऑक्टोबर ते जानेवारी प्रत्येक गावातली अंगणवाडी दिवसभर उघडी राहावी, सहा महिन्यांपुढच्या लेकरांसकट. त्यासाठी गावातल्याच दोन बाया पगारावर घ्याव्यात. लाडकी बहीणची रक्कम वाढवण्याची भाषा होते तेव्हा त्याआधी हे करा, असं आपण म्हणायला हवं. मतं सांगा.

कोरडवाहू

भाऊ, तुम्ही बोलू राहिले ते ऐकायला चांगलं आहे, पण मला पटत नाही. मी पारोळ्याकडचा. आमची पाच एकर आहे, घरातल्या बायाही दुसऱ्याच्या शेतात वेचायला जातात, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत.

पैसा बाईच्या हातात येतो तेव्हा तो कुठं घालायचा हे ती ठरवते. सासूला दूध लावायचं, पोराच्या औषधाला ठेवायचे, की एक दिवस वेचणीला न जाता घरी बसायचं, तिची मर्जी. पाळणाघर आलं की टेंडर आलं, ठेकेदार आला, कुलूप आलं. पाळणाघराची योजना काही नवी नाही. २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावानं होती, २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, २०२२ मध्ये मिशन शक्तीत 'पाळणा' झाली. आमच्या भागात मी तरी एकही पाळणाघर चालू पाहिलं नाही. पैसे मात्र खात्यात आले, ते सगळ्यांनी पाहिले.

आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. दुपारी पोराला आणायला कुणी घरी येणार नाही, हे तुमचं बरोबर. पण बाई तिच्या सासूजवळ ठेवेल, परक्या बाईजवळ सहा महिन्यांचं लेकरू ठेवेल का? १,५०० चे ३,००० करा, सासूलाही त्यातून काही मिळेल.

मदतनीसाची लेक

माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवा' हे वाक्य प्रत्येक जण किती सहज लिहितो! सकाळी मुलं गोळा करणं, खिचडी, उसळ, भांडी, वजनं घेणं, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं, गरोदर बायांच्या नोंदी, सर्वेक्षणं, आणि आता पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर फोटो. घरपोच आहार द्यायच्या आधी लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. रेंज नसली की बाई लेकराला घेऊन दारात उभी, आणि शिव्या सेविकेला. आईला या सगळ्याचं जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा गावातले किती लोक सेविकांच्या बाजूनं बोलले? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तरी निवृत्त होणाऱ्या बाईला त्यासाठी दारं ठोठवावी लागतात. यात आणखी चार तास घाला म्हणणं हा अन्याय आहे. वेगळी माणसं, वेगळा पगार, वेगळी खोली. नसेल तर नको.

तापीकाठ

ताई, दोन बाया पगारावर घ्याव्यात हे मी वरच लिहिलं आहे. तुमच्या आईवर चार तास टाकायचे नाहीत, हे मलाही मान्य. खोली तीच वापरावी एवढंच म्हणणं, कारण ती दुपारनंतर रिकामी असते आणि स्वयंपाकाची सोय तिथं आहे.

कोरडवाहू दादा, सासूचं म्हणता तर आपल्याकडं पन्नाशी-पंचावन्नची सासूही त्याच पिकअपमध्ये बसलेली असते. घरी राहते ती थकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी आजी. दुडुदुडु पळणारं लेकरू तिच्या भरवशावर सोडणं तिच्यावरही ओझं आहे. आणि पैसे हातात आले म्हणून बाई घरी बसते, हे तुम्ही कुठं पाहिलं? वेचणीचे दिवस मोजके असतात. वर्षाचं मीठमिरची त्यातच निघतं. ती जाणारच.

मूळ अडचण सहा महिने ते तीन वर्षांची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत नाश्ता आणि गरम जेवण आहे. त्याहून लहान असेल तर घरी न्यायची पाकिटं. मूळ कायद्यात रोजच्या ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं दोघांनाही सारखीच होती. पण पाकीट घरी गेलं की ते सगळ्या घराचं होतं. शिवाय वर्षाच्या लेकराचं पोट एवढंसं, त्याला दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं भरवावं लागतं. भरवणारी आई शेतात. मग पाकिटात काय आहे यानं काय फरक पडणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. चार-पाच वर्षं आधीच्या सर्वेक्षणात ३४.४ टक्के होती. एवढ्या योजनांनंतरही आकडा जागचा हलला नाही. लेकराला दिवसा कोण भरवतं हे कुणी विचारलंच नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

स्टेशनरोड

स्पष्ट बोलतो. कर आम्ही भरायचा, पोरं दुसऱ्यानं सांभाळायची, हे किती दिवस? झेपत असतील तेवढीच मुलं होऊ द्यावीत. आणि अंगणवाडीत शिकवतात काय? आमच्या गल्लीतल्या कामवाल्या मावशीसुद्धा पोराला इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घालतात, व्हॅन दारात येते. लोकांनीच निवड केली आहे. सरकारनं यातून बाहेर पडावं.

पहिलीची बाई

स्टेशनरोड, त्या मावशी व्हॅनची फी भरायला आणखी दोन घरची भांडी घासतात, हेही लिहा. आणि त्या नर्सरीत तीन वर्षांच्या मुलाकडून रेघांच्या वहीत ए-बी-सी-डी गिरवून घेतात. त्या वयात बोटांत ती ताकदच नसते. त्यानं ओतावं, ओवावं, माती मळावी, गाणी म्हणावीत, भरपूर बोलावं. चांगली सेविका हेच करून घेते, म्हणून पालकांना वाटतं इथं शिकवत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ वाचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार करू शकेल असं तिथं म्हटलं आहे. मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून, त्याआधी सरकारची मर्जी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, पण हक्क अजून दिलेला नाही.

मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दिवाळीनंतर माझ्या हजेरीपटावर मुलींच्या रांगेत रिकाम्या जागा वाढतात. घरी गेलं की दिसतं, ती दारात बसलेली, मांडीवर भाऊ. "मॅडम, माय वावरात गेली, याले कोनाजोडे ठेवू?" सात वर्षांच्या पोरीला मी काय उत्तर द्यायचं? काही जणी भावंडाला घेऊन वर्गात येतात. मी बसू देते. ते रडलं की ती बाहेर जाते आणि वाचन तिथंच थांबतं. पुढं पाचवी-सहावीत शाळा सुटते तेव्हा कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलं जातं.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडलेला आहे. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला १९५७ च्या सुमारास विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात. भावंडांना सांभाळायला मुली घरी राहतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून भावंडाला घेऊनच ये म्हटलं. दोघींना पद्म पुरस्कार मिळाले, भाषणांतून त्यांची नावं घेतली जातात. आवार मात्र एक झालं नाही.

अक्राणीकर

सगळ्यांचं वाचलं. हे सगळं सपाटीवरचं बोलणं आहे.

नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव, अक्कलकुवा भागात या. गाव म्हणजे एका टेकडीवर चार घरं, पलीकडच्या टेकडीवर सहा. अंगणवाडी एका पाड्यात असेल तर बाकीच्या पाड्यांतलं तीन वर्षांचं पोर नाला ओलांडून जाणार नाही. पावसाळ्यात तर मोठंही जात नाही. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी आहेत, योजना चांगली आहे. पण केंद्रापर्यंत पोचेल त्याच्यासाठी.

आणि दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. लोक गुजरातेत ऊसतोडीला जातात, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, मुलं बरोबर. तिथं उसाच्या फडात चुलीजवळ, बैलगाडीखाली वर्षा-दीड वर्षाची लेकरं असतात. त्यांचं नाव इथल्या अंगणवाडीत, ती तिकडं. कुठं गेलात तरी तिथल्या अंगणवाडीत पोषण मिळेल असं सांगतात. फड गावापासून तीन-चार किलोमीटर आणि मुकादम सुट्टी देत नसेल तर मिळेल कसं?

तुमच्या पाळणाघराला माझा पाठिंबा आहे, पण अंगणवाडीच्या इमारतीत नको. पाड्यात, कुणाच्या तरी ओसरीवर, त्याच पाड्यातल्या दोन बाया. भाषाही तीच राहते, पावरी नाही तर भिली. परकी बाई आणि मराठी बोलणारी ताई पाहून आमचं लेकरू दिवसभर गप्प बसतं, मग त्याला मंद ठरवतात. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेनं फुलवाऱ्या म्हणजे पाळणाघरं चालवली आहेत ती अशीच, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी, गावातल्याच बायांच्या हातात. कर्नाटकानं २०२३ मध्ये 'कूसिना मने' नावानं ४,००० ग्रामपंचायतींत पाळणाघरं जाहीर केली. आणि ऊसतोडीच्या ठिकाणी ते काम कारखान्याचं. ऊस त्याच्यासाठी तुटतो, तर लेकरांची सावली त्यानंच करावी.

कोरडवाहू

अक्राणीकर दादांचं ओसरीचं म्हणणं मला जवळचं वाटतं, कारण त्यात ठेकेदार नाही. पण पैसा सांगा ना कुणी. तुमच्याकडं पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा आहे, ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावानं ठरवून खर्चायचा पैसा, थेट ग्रामपंचायतीला येतो, त्यातून दोन बायांची मजुरी निघेल. आमच्याकडं काय? ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. कोरडवाहू गावाची घरपट्टीच वसूल होत नाही, त्याचे १० टक्के म्हणजे सतरंज्या आणि एखादं शिलाई मशीन. म्हणून म्हणतो, रोख रक्कम सोडू नका. आज हातात आहे ती सोडून उद्याच्या पाळणाघराची वाट पाहायला गरीब माणसाला परवडत नाही.

तापीकाठ

रोख सोडा असं मी कुठंच म्हटलेलं नाही, दादा. वाढीव रक्कम आणि पाळणाघर यांतलं आधी काय, एवढाच माझा प्रश्न आहे. ग्रामपंचायतीच्या १० टक्क्यांत होणार नाही, हे खरं. राज्यानंच द्यायला हवं. पण मागणी गावातून गेली नाही तर मंत्रालयाला कोण सांगणार? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते. वेचणी तोंडावर असते, सगळ्या बाया गावात असतात. तिथं ठराव घ्यायचा: किती घरांतल्या बाया मजुरीला जातात, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं किती, पाळणाघर कोणत्या महिन्यांत आणि किती वाजेपर्यंत हवं. मसुदा मी करून इथं टाकतो. अक्राणीकर दादांनी पाड्यांसाठी वेगळा करावा, तिथली गरज वेगळी आहे.

पहिलीची बाई

मसुद्यात एक ओळ घाला: शाळेत जाणाऱ्या मुलींची वेचणीच्या महिन्यांतली हजेरी. हजेरीपट शाळेत असतो, मुख्याध्यापकांकडून आकडे मिळतील.

मदतनीसाची लेक

आणि 'मानधन' लिहू नका. 'किमान वेतन' लिहा. तो शब्द बदलणार असाल तर आमच्या गावातल्या सह्या मी गोळा करते.