मदत हवी आहे: सासूबाईंची क्वानयिन कोणत्या भिंतीला ठेवू? (फेंगशुई)

मंडळी, नमस्कार.

बायको चिनी वंशाची आहे. गेल्या महिन्यात सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्यासोबत त्यांचं देवघरही आलं. पांढऱ्या चिनीमातीची हातभर उंच क्वानयिन (करुणेची देवी), सासऱ्यांच्या घराण्यातल्या पूर्वजांची लाकडी पाटी, जमिनीवर ठेवतात ती भूमिदेवाची लाल पाटी आणि उदबत्तीची दोन पितळी पात्रं. ही पात्रं राखेसकट लाल कापडात बांधून त्यांनी अख्खा प्रवासभर मांडीवर धरली होती. सध्या ती माझ्या प्रिंटरवर आहेत. सासूबाई त्याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त मला प्रिंटर वापरू देत नाहीत.

आता हॉल कसा आहे ते सांगतो. मुख्य दार पूर्वेच्या भिंतीत. समोरची पश्चिमेची भिंत लांब आहे, पण तिच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागामागे संडास-बाथरूम. उत्तरेची भिंत कोरी आणि भक्कम. दक्षिणेला मोठी खिडकी.

बायकोचं म्हणणं, उत्तरेच्या भिंतीला पाठ करून तोंड दक्षिणेकडे ठेवू. 'उत्तरेला बसायचं, दक्षिणेकडे बघायचं' ही जुनी चिनी रीतच आहे म्हणे, राजाचं सिंहासनही तसंच असायचं. मला पटलं होतं. पण मग मी रात्री जागून कुआ नंबर (जन्मवर्षावरून काढायचा आकडा, त्यावरून माणसाच्या चांगल्या-वाईट दिशा ठरतात) काढत बसलो आणि सगळा घोळ झाला. माझा जन्म १९७८चा, नंबर ४. बायको १९८०ची, तिचाही ४. म्हणजे आम्ही दोघं 'पूर्व गटा'तले, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि आग्नेय चांगल्या. सासूबाई १९५१च्या, नंबर २, 'पश्चिम गट'. त्यांना नेमक्या याच चार दिशा वाईट आणि उरलेल्या चार चांगल्या. त्यांच्यासाठी तोंड पश्चिमेला करायचं तर मूर्तीची पाठ मुख्य दाराला लागते.

तर प्रश्न असा, की नंबर कोणाचा धरायचा? पूजा त्या करणार, घर आमचं. त्यात एका ठिकाणी वाचलं की दिशा बघायचीच नाही, दारातून आत आल्यावर डावा कोपरा कुठला ते बघायचं. डोकं भणाणलंय.

एक विनंती. ईशान्य कोपऱ्याचे सल्ले कृपया नकोत. देव चिनी आहेत, शास्त्रही त्यांचंच लावू.

पानगळ
डावा कोपरावाली पद्धत आधी बाजूला ठेवा. ती लिन युन यांच्या 'ब्लॅक हॅट' पंथाची, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पसरलेली. तिच्यात होकायंत्र नसतं, बागुआचा (आठ भागांचा) नकाशा सरळ दारापासून मांडतात. कुआ नंबर 'आठ घरां'च्या पद्धतीतले, ती होकायंत्रावर चालते. दोन्ही एकदम लावल्या की एक म्हणते इथे ठेव आणि दुसरी म्हणते इथून हलव. एकच धरा.

आणि दिशा मोजली कशी? फोनवर?

धागाकर्ता
हो, फोनवर. पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो तर एकदा ९६ अंश आले आणि टीव्हीजवळ सरकलो तर १०३.

पानगळ
टीव्ही, लोखंडी दार, खांबातल्या सळया, सगळं फोनच्या सुईला ओढतं. तीन-चार जागी मोजून बघा. अर्थात तुमच्या कामापुरतं फार बिघडत नाही. आठ दिशांच्या हिशोबात पूर्व म्हणजे ६७.५ ते ११२.५ अंश, तुमचे दोन्ही आकडे त्यात बसतात. लुओपानवर (फेंगशुईच्या होकायंत्रावर) मात्र १५ अंशांचा एक असे २४ 'पर्वत' असतात आणि तिथे ९७.५ला रेघ पडते. तेवढ्या खोलात जायचं असेल तर फोन नको.

उलटतपासणी
भिंतीला दिशा कळते का हो? मूर्ती जिथे धूळ बसणार नाही तिथे ठेवा. फेंगशुईच्या, म्हणजे वाऱ्या-पाण्याच्या, नावावर लोकांनी दुकानं थाटलीत नुसती.

धागाकर्ता
भिंतीला नसेल कळत, सासूबाईंना कळते. मला त्यांच्यासोबत राहायचंय.

सुईदोरा
दादा, सासूबाईंचा जन्म १९५१च्या कुठल्या महिन्यातला?

धागाकर्ता
२० जानेवारी. का हो ताई?

सुईदोरा
मग सगळा हिशोबच चुकलाय. कुआचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते लीचुनला (चिनी पंचांगातल्या वसंतारंभाला) बदलतं, म्हणजे साधारण ४ फेब्रुवारी. काही जण चांद्र नववर्ष धरतात, पण १९५१मध्ये तेही ६ फेब्रुवारीला होतं. म्हणजे कुठूनही मोजा, त्या १९५०च्याच.

बायकांचा हिशोब (२०००च्या आधी जन्म असेल तर): वर्षाचे शेवटचे दोन अंक मिळवा, त्यात ५ मिळवा, एक अंक उरेपर्यंत बेरीज करा. तुम्ही ५ अधिक १, सहा. अधिक ५, अकरा. म्हणून २ आणलात. खरं गणित ५ अधिक ०, पाच, अधिक ५, दहा, म्हणजे १. नंबर १ पूर्व गटातच येतो! दक्षिण त्यांना 'येन निएन', तुम्हा दोघांना 'थिएन यी'. पूर्व बरोब्बर उलट, त्यांना 'थिएन यी' आणि तुम्हाला 'येन निएन'. चार शुभ दिशांपैकीच या. नंबर कोणाचा धरायचा, हा वादच उरत नाही.

तुमचा आणि वहिनींचा जन्म लीचुननंतरचा आहे ना, तेवढं मात्र बघून घ्या.

धागाकर्ता
ताई, साष्टांग नमस्कार! आमचे दोघांचे वाढदिवस पावसाळ्यात असतात, त्यामुळे ते ठीक. म्हणजे बायकोची उत्तरेची भिंत पक्की?

पानगळ
थांबा, घाई नको. यंदा २०२६, घोड्याचं वर्ष. 'ताई सुई' (वर्षाचा अधिपती देव) बसलाय दक्षिणेत, वर्षाचा 'पाच पिवळा' हा अशुभ तारापण दक्षिणेत आणि 'सान शा' (तीन अशुभ शक्ती) उत्तरेत. नियम असा आहे की ताई सुईच्या समोरासमोर बसू नये आणि सान शाकडे पाठ करू नये. तुमची उत्तरेला पाठ आणि दक्षिणेला तोंड ही मांडणी एका दमात दोन्ही मोडते. एरवी याच्याइतकी चांगली मांडणी नाही, नेमकं हेच वर्ष आडवं आलंय. एकतर ४ फेब्रुवारी २०२७पर्यंत थांबा, नाहीतर पूर्वेकडे तोंड करा.

सुईदोरा
पूर्वेला तोंड केलं तर मुख्य दार समोर येतं, मुख्य देवाला तेच हवं असतं. भूमिदेवाची पाटीही त्याच टेबलाखाली जमिनीवर, दाराकडे बघणारी. फक्त संडासाची भिंत टाळा. उत्तरेकडच्या अर्ध्या भागामागे काय आहे?

धागाकर्ता
भिंतीतलं कपाट, चादरी आणि रजया. पलंग पलीकडच्या भिंतीला आहे. वर तुळईपण नाही.

सुईदोरा
मग झालंच की. एक सांगते, इथे सगळे चुकतात. ड्रॅगनची (मानाची) बाजू डावी आणि वाघाची उजवी, पण ती देवाची डावी-उजवी, आपली नव्हे. तुम्ही समोर उभे राहाल तेव्हा क्वानयिन तुमच्या उजव्या हाताला यायला हवी आणि पूर्वजांची पाटी डाव्या हाताला, क्वानयिनपेक्षा थोडी खाली. पात्रंही ज्याची त्याच्यापुढे, अदलाबदल नको. दाराबाहेर बागुआचा आरसा वगैरे लावायचा विचार असेल तर तो बाहेरच, देवाकडे तोंड करून कधीच नाही.

धागाकर्ता
अपडेट देतो. काल बायकोने सासूबाईंना हे सगळं समजावून सांगितलं. मी कागदावर आकृतीपण काढली होती. त्यांनी ती शांतपणे बघितली, घडी घालून खिशात ठेवली आणि पिशवीतून चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे काढले. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. जमिनीवर टाकले. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देवाचा होकार, दोन्ही फुगीर वर आले तर नकार, दोन्ही सपाट आले तर देव हसतोय.

आधी उत्तरेच्या भिंतीबद्दल विचारलं. दोन्ही फुगीर. मग पश्चिमेच्या भिंतीबद्दल. सलग तीनदा होकार. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी आकृती परत मागितली, मिळाली नाही.

आता शेवटचं एक अडलंय. घरातलं भक्कम टेबल १२० सेंटीमीटर उंच आहे. सासूबाईंकडे लाल-काळ्या अक्षरांची ती लू बानची टेप आहे (लाल माप शुभ, काळं अशुभ), त्यांनी १२०ला नख लावून दाखवलं. वरच्या ओळीत काळं, खालच्या ओळीत लाल.

पानगळ
वरची लू बानची ओळ ४२.९ सेंटीमीटरला पुन्हा सुरू होते, खालची तिंग लानची ३८.८ला. वरची जिवंत माणसांच्या घरासाठी, खालची थडगी आणि पूर्वजांच्या वस्तूंसाठी. टेबलावर तुमच्याकडे दोघंही बसणार, म्हणून दोन्ही ओळी लाल हव्यात. १२७ला दोन्ही लाल येतात, देवाच्या टेबलाला ते माप पुष्कळ जण वापरतात.

धागाकर्ता
१२७ बघितलं, दोन्ही लाल! सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

म्हणजे टेबलाखाली ७ सेंटीमीटरचा पाया हवा. सुताराकडून अखंड लाकडी चौथरा करून घेऊ, की चार पायांखाली चार ठोकळे चालतील? ठोकळे लावले तर भूमिदेवाची पाटी आत सरकवायला जागा नीट राहते, पण वर राखेची पात्रं आहेत, टेबल डुगडुगलेलं चालणार नाही. कोणी केलं असेल तर सांगा. प्रिंटर अजून बंदच आहे.