मदत हवी आहे: सासूबाईंना अल्झायमर आहे, नाशकात सांभाळणाऱ्या बायका एकमेकींना कुठे भेटतात का?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकरोडला, जेलरोडवर राहतो. सासूबाई 74 वर्षांच्या. सासरे प्रेसमध्ये होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अल्झायमरचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. त्याआधीचं दीड वर्ष "वय झालं की व्हायचंच असं" हे ऐकण्यात गेलं, एका डॉक्टरांनीही तेच ऐकवलं. भाजीत मीठ तीनदा पडायचं, दूधवाल्याचं बिल महिन्यात दोनदा दिलं जायचं. मी बोलले की सून चुका काढते.

आता संध्याकाळी साडेपाच-सहा वाजले की आई पिशवी भरायला घेतात. आत काय, तर टॉवेल, देव्हाऱ्यातली घंटा आणि टीव्हीचा रिमोट. "चांदोरीला जायचंय. नदीला पाणी आलंय, गुरं सोडायची राहिलीत." चांदोरी त्यांचं माहेर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तिथे खरंच शिरतं, त्यामुळे पावसाळ्यात मला त्यांना खोटंही पाडता येत नाही.

जूनमध्ये मी गच्चीवरून कपडे काढून आणेपर्यंत त्या बाहेर पडल्या. दोन तास पत्ता नाही. शेवटी मुक्तिधाम मंदिरात सापडल्या. पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला, आणि भिंतीवरचे गीतेचे श्लोक खणखणीत वाचत होत्या, एक चूक नाही. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या, बाई?"

सगळ्यात जास्त लागलं ते बँकेतलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रिक्षाने नेलं. पेन हातात घेतलं, "सौ." एवढं लिहिलं आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. सासरे गेल्यापासून त्या श्रीमती लिहीत होत्या, आणि आता सौ.च्या पुढचं आपलंच नाव सापडेना. काउंटरवरच्या गृहस्थांनी फॉर्म परत सरकवला. सही जुळत नाही, उद्या या. उद्या काय आठवणार होतं!

मिस्टर अंबडला शिफ्टमध्ये. नणंद पुण्याला, तिचा रोज फोन: "वहिनी, आईला बदाम देतेस ना?" धाकटे दीर-जाऊ इंदिरानगरला. रविवारी तासभर येतात. त्या तासात आई छान बोलतात, चहा विचारतात, आणि निघताना जाऊबाई म्हणतात, "किती चांगल्या आहेत की!" मग मीच वेडी ठरते. अकाउंट्सची नोकरी मी गेल्या वर्षी सोडली. कुणी सोड म्हणालं नाही, नको सोडू असंही कुणी म्हणालं नाही.

रात्री त्या जाग्या असल्या की मी मोबाइलवर वाचत बसते. भारतात साठीच्या पुढे शंभरात सातांहून थोड्या अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास 88 लाख, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की या रुग्णांच्या देखभालीचे 70 टक्के तास बायकाच देतात. आमच्याकडे तर अंथरुणावरही बाई आणि उशाशीही बाई.

तर विचारायचं ते असं. नाशकात माझ्यासारख्या बायका एकमेकींना भेटतात असं काही आहे का? नसेल तर सुरू कसं करायचं? बँकेचं काय करू? आणि संध्याकाळच्या त्या पिशवीचं तुम्ही काय करता?

उंटवाडी
मी निवृत्त परिचारिका, आईचं सात वर्षं केलं. पिशवीशी भांडू नका. "हो, चहा घेऊन निघू" म्हणायचं, पिशवी आपण उचलायची, जिन्यापर्यंत जाऊन यायचं. "हेच तुमचं घर" हे पटवायला गेलात की त्या जास्त चिडतील. अंधार पडायच्या आत घरातले सगळे दिवे लावा, तिन्हीसांजेच्या सावल्यांनी ही माणसं घाबरतात. दारातलं काळं पायपुसणं काढून टाका, त्यांना तो खड्डा दिसतो. दाराला कडी असते तिथून लांब, अगदी खाली दुसरी बसवा, पण त्यांना आत एकटं कोंडून जाऊ नका. परकराच्या नेफ्याला फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवा, गळ्यातलं काढून ठेवतील, हे नाही काढणार.

बी-12, थायरॉइड आणि मेंदूचं स्कॅन झालंय ना? विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात, ती आधी वगळायची. आणि दोन दिवसांत एकदम बिघडल्या तर आजार वाढला असं धरून बसू नका, लघवी तपासा. म्हाताऱ्या बायकांना जंतुसंसर्ग झाला की कधीकधी ताप येत नाही, नुसता भ्रम होतो. आमच्या आईचं तसंच झालं होतं, आम्ही आठवडा घालवला.

जास्वंद
ताई, हात कामाला लावा. आमच्या आत्याबाई लसूण सोलायच्या.

शुभंकरोति
ब्राह्मी आणि रोज नामस्मरण. सासूची सेवा घडतेय हे मोठं पुण्य, असं बघा म्हणजे त्रास वाटणार नाही.

धागाकर्ती
उंटवाडीताई, पट्टी आजच शिवली. तपासण्या झाल्यात, गोळीही चालू आहे. बरं करणारी नाही, थोडं सावरून धरते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.
शुभंकरोति, पुण्य बरंच साठलंय, दिरांनाही थोडं द्यावं म्हणते.
जास्वंद, लसणाने डोळे चोळतात, म्हणून काल मेथी दिली. पानं टाकून काड्या वाटीत ठेवल्या! पण पाऊण तास एका जागी बसल्या, पिशवीची आठवण नाही. काड्यांच्या खालून मी पानं गोळा केली.

वकिलीणबाई
बँकेचं सांगते. सही जमत नसेल तर आजारी पेन्शनरचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. 70 वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलंय. तोंडी विचारू नका, अर्ज लिहा आणि पोच घ्या, भाषा लगेच बदलते. हयातीचा दाखला आता घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

"कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून टाका" असं कुणीतरी सांगेलच. नका करू. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते संपतं, आणि समज गेल्यावर केलेलं मुळात टिकत नाही. हे सगळं निदान झाल्याझाल्या, माणूस स्वतः हो-नाही म्हणू शकतो तेव्हा करायचं असतं. ज्यांच्याकडे आत्ता सुरुवात आहे त्यांनी हा धागा वाचून उठावं आणि खातं संयुक्त करून यावं. तुमच्याकडे घर-जमिनीचा व्यवहार निघाला तर न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागेल.

गोदातीर
ते "सौ." वाचून अंगावर काटा आला. ज्या बाईवरून हा आजार ओळखला गेला त्या ऑगस्ट डेटर, 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आल्या तेव्हा 51 वर्षांच्या. डॉक्टर अल्झायमर यांनी नाव लिहायला सांगितलं, तर त्यांनी "फ्राउ" लिहिलं, म्हणजे आपलं सौ.च, आणि पुढचं विसरल्या. 1906 मध्ये त्या गेल्या, त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांची केस मांडली.

मधुमालती
मी मुंबईची. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 मध्ये केरळात सुरू झाली, मुंबईतही शाखा आहे. त्यांना नाशिकबद्दल विचारा. ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8.

पण संस्थेची वाट बघत थांबू नका. अमेरिकेत पत्रकार मारिया श्रायव्हर यांनी स्वतःच्या वडिलांचा अल्झायमर बघितला आणि पुढे बायकांच्या प्रश्नावर चळवळच उभी केली. त्यांच्याकडे नाव होतं, पैसा होता, ते सोडा. आमचा गट चार जणींपासून सुरू झाला, एकीच्या स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी तिघी नुसत्या रडल्या, चौथीने पोहे केले.

आणि घरच्यांकडे "मदत" मागू नका. मदत मागितली की बदाम मिळतात. एक अख्खी रात्र मागा. आईंना तिकडे पाठवू नका, जागा बदलली की त्या आणखी गोंधळतील. जाऊबाईंना तुमच्या घरी झोपायला बोलवा आणि तुम्ही बाहेर पडा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
अर्ज दिला, पोच घेतली. बँकेतून दोघे घरी आले, आईंनी अंगठा दिला आणि त्यांना "जेवून जा" म्हणाल्या.

शनिवारी जाऊबाई राहायला आली. मी माहेरी, सिन्नरला. रात्री तीनला फोन: "ताई, गुरं कुठे बांधायची विचारतायत, काय सांगू?" म्हटलं, गोठ्यात बांधली सांग, दावं घट्ट केलंय सांग. अर्ध्या तासाने परत फोन, आता तीच रडत होती. मी आल्यावर काही बोलली नाही. पुढच्या शनिवारची बॅग मात्र इथेच ठेवून गेली. दीर बुधवारी संध्याकाळी येतात, नणंदेला महिन्यातले चार दिवस लावून दिलेत.

आता गटाचं. महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी 3, आमच्याच घरी. ज्यांना यायचंय त्यांनी इथे निरोप करा, पत्ता कळवते. आपापल्या माणसाला घेऊन या, मागे ठेवून यायला कुणी नसतं हे मला माहीत आहे. येताना मेथीची एक जुडी आणा.

उंटवाडी
मी येते. माझी आई आता नाही, पण दोन जुड्या आणते.

जास्वंद
आत्याबाईंना लसूणच लागेल, चालेल?