कठीणपणावरून वर्ग ठरत नाही

स्थायूंचे (घन पदार्थांचे) वर्ग कठीणपणावरून पाडावेत, अशी एक सूचना केली जाते; ती सोयीची असली तरी हिरा आणि ग्रॅफाइट (पेन्सिलीतला काळा पदार्थ) यांच्यापाशीच अडखळते. दोन्ही निव्वळ कार्बनचे, दोन्हींत अणू सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने, जोडलेले, तरीही एक काच कापतो आणि दुसरे कागदावर उमटते. त्यापेक्षा द्रवणांक (वितळण्याचे तापमान) आणि विद्युतवाहकता एकत्र पाहावीत. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. स्थायुरूपात ते वीज वाहू देत नाही, पण वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर आयन (विद्युतभारित कण) मोकळे होतात आणि वीज वाहते. साखरेचे पाणी मात्र कितीही गोड केले तरी वाहक होत नाही, कारण साखरेचे रेणू अखंडच राहतात. धातू स्थायू असतानाच वाहक असतात, परंतु त्यांना द्रवणांकाची कसोटी लावू नये, कारण पारा उणे ३९ अंशांना, तर टंगस्टन ३४०० अंशांच्याही पुढे वितळतो. ग्रॅफाइट इथेही पंचाईत करते, कारण धातू नसूनही थरांत मोकळेपणे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ते वीज वाहून नेते. काच तर या चौकटीत बसतच नाही: तिला ठरावीक द्रवणांक नसतो, तापवल्यावर ती हळूहळू मऊ होत जाते, म्हणून अस्फटिकी (कणांची नियमित मांडणी नसलेल्या) स्थायूंचा वर्ग आधीच वेगळा काढावा लागतो.